तिपानीचं विरजण

१

लाखेचा ठसा फुटला, लाल बासनाची गाठ सुटली आणि आतून वनस्पती तुपाचा डबा निघाला. गळ्यापर्यंत वाळूनं भरलेला.

पिंपरघाटच्या बाजारतळावरच्या मांडवात त्या क्षणी जी शांतता पसरली, तेवढी गावानं कुणाच्या मयतीलाही कधी पाळली नव्हती. व्यासपीठावर जालिंदरराव थोरवे, तालुक्याचे पुढारी, सगळ्यांचे अण्णा, हात जोडून उभे होते. त्यांच्या मागच्या फ्लेक्सवरही तेच, हात जोडूनच, आणि डोक्यावर मोठ्या अक्षरांत 'निजामी तिपानी महोत्सव'. माईकसमोर शहादेव गुरुजी होते. निवृत्त मुख्याध्यापक आणि तालुक्याचे इतिहासकार. 'दीडशे वर्षांपूर्वीच्या त्या दिव्य पानांचं दर्शन' एवढं बोलून ते तसेच तोंड उघडं टाकून थांबले.

धारूरच्या घाटात राहणाऱ्याला तिपानी म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. तीन मळ्यांची चहापत्ती आसाराम शेटे आपल्या दुकानात एकत्र मिसळत आणि गाव तो चहा बिनदुधाचा, काळाच पीत असे. नवी पत्ती मिसळताना जुन्या डब्यातली मूठभर त्यात पडायची आणि नव्यातली मूठभर डब्यात परत जायची, दह्याला विरजण लावावं तशी. म्हणून त्या डब्यालाच गाव विरजण म्हणायचं. गुरुजींनी त्यावर जाडजूड पुस्तक लिहिलं होतं. निजामाच्या तहसीलदारानं शेट्यांच्या पूर्वजाला इनाम दिलेली लांब पानांची पत्ती डब्याच्या तळाशी अजून तशीच आहे, असं त्यात होतं. ते तळाचं पान तपासायला कोलकात्याहून चहाचा एक पारखी येणार होता. त्याचा होकार मिळाला की तिपानीला सरकारी मानांकन, आणि मग पुण्या-मुंबईत विक्री.

आणि आता वाळू.

"रात्री दुकानाच्या ओट्यावर हनुमान झोपला होता!" आसारामचा मुलगा रामकिसन ओरडला. "दुसरं कोणच नव्हतं तिथं!"

हनुमान दुकानातला हमाल. तो मांडवाच्या कडेला सतरंज्या उचलत होता. जालिंदररावांच्या पोरांना तेवढं नाव पुरलं. फौजदार येईपर्यंत त्यांनी त्याचा उजवा हात कोपराजवळ मोडून ठेवला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी खरा डबा सापडला. हनुमानच्याच घरामागं, कडब्याच्या गंजीत. आत जेमतेम मूठभर पत्ती उरली होती.

२

"आक्का, ते चोर न्हाईत," हनुमानची बायको संगीता म्हणाली आणि रडू आवरण्यासाठी तिनं पदर तोंडात कोंबला.

सत्यशीला ओव्हाळ गुन्हे शाखेतून निरीक्षक म्हणून निवृत्त होऊन चौसाळ्यात राहात होती. संगीताची बहीण तिची शेजारीण. नोकरीत असताना तिनं खून, दरोडे, बनावट दारू सगळं हाताळलं होतं. त्या सगळ्यातून तिला माणसांबद्दल एकच गोष्ट पक्की कळली होती. माणसं पोटासाठी कमी आणि फोटोसाठी जास्त खोटं बोलतात.

"चहाच्या डब्यासाठी माणसाचा हात मोडला?" तिनं विचारलं.

"व्हय."

"कुणाला धरलं त्याच्यासाठी?"

"कुणाला कावून धरतील, आक्का? अण्णाची पोरं हायत ती."

सत्यशीलानं चपला घातल्या.

हनुमान ठाण्यातल्या बाकड्यावर, प्लास्टरमधला हात मांडीवर घेऊन बसला होता. त्यानं सांगितलं ते थोडकंच. दिवाळी झाल्यापासून तो बायकोच्या माहेरी, शिरूर कासारला होता. मेव्हणा टोळीबरोबर ऊस तोडायला गेला, मागं म्हातारी सासू एकटी पडली. तिची सोय लागेपर्यंत तो तिथंच राहिला. "मी परत आलतो त्याच दिशी त्या बासनाला लाख लागली. मी तर डबा बघितला बी न्हाई. रात्री ओट्यावर झोपलो, सकाळी सतरंज्या वाहिल्या. बास."

फौजदार पूर्वी तिच्या हाताखाली शिकलेला. त्यानं न मागता डबा पुढं ठेवला. त्याला लाज वाटत होती. पण काही करायला लागेल इतकी नाही. सत्यशीलाला असल्या लाजेचा तिटकारा होता.

डबा जुनाट होता. झाकण कधीचं वाकलेलं, नीट बसत नव्हतं. तिनं ते उचलून नाक आत घातलं. आधी चहाचा वास आला आणि मग त्याच्यावर चढून बसलेला दुसरा, थंड, डोक्यात जाणारा. तळाच्या कोपऱ्यांत घट्ट दडपलेली पत्ती तिनं चमच्यानं खरवडून कागदावर घेतली. मोहरीसारखे बारीक, गोल दाणे होते. बोटांत चुरले तरी तोच वास.

डांबरगोळ्यांचा.

"हनुमानच्या घराची झडती तूच घेतलीस ना?" तिनं फौजदाराला विचारलं. "घरात कपाटं किती?"

"कपाट? मॅडम, एक खोली हाय. कपडे दोरीवर असतात त्यांचे."

"मग गोळ्या कशात ठेवल्या त्यानं?"

फौजदारानं डबा स्वतःच्या नाकाशी नेला आणि लगेच लांब धरला.

३

शेट्यांच्या दुकानात पत्तीच्या गोण्या भिंतीला लावलेल्या होत्या आणि गल्ल्यामागं रामकिसन बसला होता. चाळिशीचा, गुळगुळीत दाढीचा. त्यानं तिला खुर्ची दिली ती पुसूनच. अशा माणसाला आपण कुणाचा हात मोडायला लावला हे कधीच आठवत नाही, खुर्चीवरची धूळ मात्र दिसते.

"मॅडम, त्यानं लाख वितळवली आन् परत चिकटवली. लायटरनं होतंय ते," तो म्हणाला.

"लाखेवर ठसा कशाचा होता?"

"दादांच्या अंगठीचा."

आसाराम शेटे आतल्या बाजूला गोणीवर बसले होते. वय ऐंशीच्या घरात. सत्यशीलानं त्यांचा हात हातात घेतला. बोटाचं पेर संधिवातानं सुजून अंगठीच्या वर गाठीसारखं आलं होतं.

"ही निघते का, दादा?"

"मेल्यावर कापून काढतील."

"त्या रात्री तुमी कुठं होता?"

"वर, घरात. सुनेनं दार लावल्यालं."

म्हणजे लाख पुन्हा कुणी लावलेली नव्हती. गाठ मांडवात सोडेपर्यंत ठसा अख्खा होता, हे हजार माणसांनी पाहिलं होतं. आणि त्या हजारांतल्या एकालाही पुढचा विचार सुचला नव्हता. ठसा अख्खा, तर चोरी लाख लागल्यानंतर झालीच कशी? बासनात वाळू आधीपासूनच होती.

"लाख लावताना आत डबा आहे का, ते कुणी बघितलं?"

रामकिसन जरा दुखावल्यासारखा झाला. "बासन उघडायचं नस्तं. परंपरा हाय."

"कधीपासून?"

"पहिल्यापासून."

"दादा?"

म्हातारा जमिनीकडं बघत म्हणाला, "माझा बाप रोज उघडायचा. पत्ती मिसळायची म्हणल्यावर उघडावीच लागती की."

रामकिसननं खाकरून घसा साफ केला. डबा दिवाळीनंतर दुकानाबाहेरच होता, असं त्यानं सांगितलं. जालिंदररावांच्या बंगल्यावर पूजेला गेला, तिथून गुरुजींकडं अभ्यासाला आणि फोटोला, तिथून अण्णांची पुतणी तेजश्री हिच्या ऑफिसात जाहिरातीच्या कामाला. तेजश्रीनं बासन परत आणलं, त्याच संध्याकाळी लाख लागली.

सत्यशीलानं कागदाची पुडी सोडली. "ही पत्ती तुमचीच?"

आसारामनी चिमूट तोंडात टाकली, चघळली आणि लगेच थुंकली. "पत्ती आपलीच. पर नासली."

"सगळा दाणाच दिसतोय. तुमच्या आजोबांच्या वेळी असाच असायचा?"

"हॅ! दाणा मशिनीचा. ते लई मागून आलं. आजोबाच्या वक्ताला समदं लांब पानच." एवढं बोलून त्यांनी ओठ असे मिटले, जणू तोंडातून काही निसटून गेलं होतं.

"मग डब्याच्या तळाला काय होतं, दादा?"

म्हाताऱ्यानं मुलाकडं पाहिलं. मुलगा छताकडं बघत होता.

"गुरुजींनी लिव्हलंय तेच," आसाराम म्हणाले.

ते खोटं बोलत होते. पण चोरीबद्दल नव्हे.

४

जालिंदररावांच्या बंगल्याच्या फाटकावर कुत्रं झोपलं होतं आणि त्याच्या अंगाखाली जरीच्या काठाची शाल होती. जीपच्या सीटवर दुसरी शाल. गोठ्यात नुकत्याच व्यालेल्या म्हशीच्या पाठीवर तिसरी.

"सत्काराच्या दिसतात," सत्यशीला म्हणाली.

"रोज दोन-चार येतात, मॅडम," ड्रायव्हर म्हणाला. "आण्णा घरात घेतच न्हाईत. फाटकातच वाटून टाकतात. कधी कधी आपलीच शाल दुसऱ्या गावात आण्णाच्या गळ्यात परत येती."

जालिंदरराव ओसरीवर झोपाळ्यावर होते. "या ताई. तुमच्या समाजाच्या एवढ्या मोठ्या अधिकारी आमच्या दारात, आमचं भाग्य," ते म्हणाले. 'तुमच्या समाजाच्या' हे शब्द ते ज्या सुरात म्हणाले तो सूर सत्यशीलाला नोकरीच्या पहिल्या दिवसापासून पाठ होता. वरून साखर, खालून पायरी दाखवणं.

"हनुमानचा हात कुणी मोडला?"

"जनतेचा उद्रेक, ताई. तिथं आपण काय करणार?"

"जनता तुमच्या जीपमधून आली होती."

त्यांनी हसून विषय उडवला. डबा पूजेला आला होता हे त्यांनी मान्य केलं, आणि बासन उघडलं होतं हेही. "मी स्वतः उघडला. झाकण काढून नमस्कार केला. खाली हात न्हाई घातला. वास मातर झकास होता, चहाचाच."

म्हणजे इथून निघेपर्यंत डबा अस्सल होता, पत्तीही चांगली होती. जालिंदरराव दहा गोष्टींत खोटं बोलले असते. पण या एका गोष्टीत त्यांचा काही फायदा नव्हता, आणि फायद्याशिवाय खोटं बोलण्याचे कष्ट घेणारा माणूस हा नव्हे. शिवाय विरजण गेल्यानं पहिला तोटा त्यांचाच होता.

तेजश्रीचं ऑफिस बसस्टँडसमोर नव्या इमारतीत. पुण्याहून जाहिरातीचं शिकून आलेली, तिशीच्या आतली मुलगी. काचेच्या खोलीत उदबत्तीच्या वासाचा फवारा एवढा मारला होता, की सत्यशीलाला दारातच शिंक आली. भिंतीवर खोक्याची चित्रं होती. फेटा, किल्ला, तोफ, पेला.

"तुमी डबा उघडला?"

"नाही ना. गुरुजींनी स्ट्रिक्टली सांगितलं होतं, बासनाची गाठ सोडायची नाही, परंपरा आहे. मी वरूनच फोटो काढले. क्लॉथ खूप ऑथेंटिक होतं."

"त्या आधी ही परंपरा ऐकली होती?"

तेजश्रीनं डोळ्यांची उघडझाप केली. "परंपरा म्हणजे... कुणीतरी सांगितल्यावरच कळते ना?"

"आणि डबा इथं कुठं ठेवलेला?"

"इथंच, टेबलावर. का?"

सत्यशीलानं खोलीभर नजर फिरवली. इथं चार दिवस ठेवलेल्या पत्तीला उदबत्तीचा वास लागला असता. चहाची पत्ती शेजाऱ्याचा वास उचलते. ज्याच्या घरात राहील त्याचं नाव ती सांगते. आता एकच घर उरलं होतं.

५

शहादेव गुरुजींच्या दिवाणखान्यात बसायला जागा कमी आणि सन्मानचिन्हं जास्त होती. त्यांची बायको भामाबाई पाणी ठेवून लगेच आत गेली.

"आपल्यासारख्या कर्तबगार भगिनीनं या प्रकरणात लक्ष घालावं, हे या मातीचं सद्भाग्य," गुरुजी म्हणाले. "चोरी पत्तीची नाही झाली, मॅडम. अस्मितेची झाली."

"अस्मिता कडब्यात सापडली, गुरुजी. मूठभर."

"उरलेली त्या अडाण्यानं उकिरड्यावर फेकली असणार. त्याला काय मोल!" त्यांचा आवाज खरोखरच कातर झाला. जो माणूस आपल्याच नाटकात रडतो त्याला पकडणं सोपं असतं, पण त्याच्यासमोर बसणं अवघड.

"तुमी बासन उघडून बघितलं होतं?"

"छे! फक्त बाह्य निरीक्षण."

"पुस्तकात तळाच्या पानाचं वर्णन आहे. लांबी, रंग, सगळं."

"परंपरेनं चालत आलेली माहिती."

"बरं," ती म्हणाली आणि उठून भिंतीतल्या कपाटासमोर उभी राहिली. काचेतून शालींच्या थप्प्या दिसत होत्या. काठ जुळवून, रंगांप्रमाणे लावलेल्या. "केवढे सत्कार झाले तुमचे! मला तर निरोपाला एक घड्याळ मिळालं, तेही बंद."

गुरुजी फुलले. त्यांनी जानव्याला बांधलेली किल्ली काढली आणि कपाट उघडलं.

तो वास लाटेसारखा अंगावर आला.

"कसर लागू नये म्हणून गोळ्या," ते म्हणाले. "हिलासुद्धा हात लावू देत नाही मी." मग त्यांना एक सुचलं, आणि सुचताच डोळे चमकले. "थांबा. आज मीच आपला सत्कार करतो." त्यांनी वरची, पातळशी शाल उचलली.

"ही नको. आपल्या हातून घ्यायची तर ती खालची, जाड," सत्यशीला म्हणाली. "सगळ्यात खालच्या कप्प्यातली. गोंड्यांची."

"ती... ती साहित्य संमेलनातली आहे."

"म्हणून तर."

आणि त्यांचा हात पोचण्याआधी तिनं ती शाल ओढून काढली. शालीचे लोकरी गोंडे तिच्या तळहातावर आले. त्यांच्यात बारीक, काळे, गोल दाणे अडकले होते.

गुरुजींनी किल्ली कुलपात घालायचा प्रयत्न केला. ती जागेवर जाईना.

६

फौजदाराला बोलावून तिनं सगळ्यांना शेट्यांच्या दुकानात जमवलं. जालिंदरराव आले, तेजश्री आली, रामकिसन होताच. गुरुजी आपल्या पायांनी आले, कारण न येणं शोभलं नसतं. आसाराम गोणीवरच बसून होते.

"एकेकानं डब्याचा वास घ्या," सत्यशीला म्हणाली.

सगळ्यांनी घेतला.

"हा वास एका रात्रीत एवढा खोल शिरत नाही. आणि चोरी लाखेनंतर झालेलीच नाही. ठसा दादांच्या अंगठीचा आणि अंगठी दादांच्या बोटातून निघत नाही. म्हणजे आधी, डबा बाहेर फिरत असताना, कुणीतरी बासनात वाळूचा डबा घालून अस्सल डबा आपल्या कपाटात ठेवला. तेव्हा हनुमान शिरूरला होता. अण्णांनी डबा उघडला तेव्हा पत्ती ठीक होती. तेजश्रीकडं आला तेव्हा कुणी उघडलाच नाही, कारण उघडायचं नसतं अशी एक परंपरा तोवर जन्माला आली होती. ती कुणी जन्माला घातली?"

तेजश्रीनं हळूच गुरुजींकडं पाहिलं.

"डांबरगोळ्या घरोघरी असतात!" गुरुजी म्हणाले.

"असतात. पण गोंड्यांत तिपानी घरोघरी नसते." तिनं शाल गल्ल्यावर अंथरली. रामकिसननं दाणे बोटावर घेतले, चाखले आणि तोंड वाकडं केलं. त्याच्या घराची पत्ती होती. एवढं तरी त्याला कळत होतं.

"मी का चोरीन?" गुरुजींचा आवाज चढला. "या तिपानीला मी मोठं केलं! पुस्तक माझं आहे!"

"म्हणूनच. तुमी डबा उघडला, लांब पानाचा फोटो घ्यायला. तळापर्यंत हात घातला. आणि तळाशी निघाला हा मशिनीचा दाणा, वरपासून खालपर्यंत. दीडशे वर्षांपूर्वी हे मशीनच नव्हतं. कोलकात्याच्या माणसानं एक चिमूट बघून तुमचं पुस्तक रद्दीत घातलं असतं. डबा चोरीला गेला की तपासायला काही उरत नाही, उलट दंतकथा आणखी मोठी होते. फक्त लोक शोधत बसले, म्हणून चोर द्यावा लागला. पत्ती फेकलीत आणि डबा सगळ्यात गरीब घराच्या मागं नेऊन ठेवलात."

मग गुरुजी खाली बसले, धोतर सावरून, नीटनेटके.

"मी या गावाला इतिहास दिला," ते म्हणाले. "काय होतं हो या गावाजवळ?"

तेव्हा आसाराम बोलले. इतक्या हळू, की जालिंदररावांना पुढं वाकावं लागलं.

"बहात्तरचा दुष्काळ होता. जनावरं मेलती, दुधाचा थेंब न्हवता. खडी फोडायच्या कामावर माणसं उन्हात बसायची आन् बिनदुधाचा चहा प्यायची, त्यो घशाखाली उतरायचा न्हाई. माझ्या बापानं तीन जागची हलकी पत्ती एक केली. रंगाला एक, वासाला एक, तिसरी कडूपणा मोडायला. कामावरच्या बायांनी नाव ठिवलं, तिपानी. निजाम कशाचा आलाय? डबाबी त्याच सालचा." त्यांनी मान हलवली. "पोरगं म्हणलं, निजाम म्हणल्यावर गिऱ्हाईक येतंय. मी गप बसलो."

"ऐकलंत?" सत्यशीला गुरुजींना म्हणाली. "गावाला इतिहास होता. तुमाला तो गरीब वाटला, म्हणून तुमी श्रीमंताचा आणून चिकटवला. आणि तो टिकावा म्हणून एका माणसाचा हात मोडताना माईकजवळ उभं राहून बघत होता. तेवढ्या वेळात एक शब्द बोलला असता तरी थांबलं असतं."

गुरुजींनी गल्ल्यावरच्या शालीची घडी घालायला घेतली.

फौजदारानं त्यांना नेलं. दाराशी त्यांनी मागं वळून शालीकडं पाहिलं, हनुमानच्या नावाचा उच्चारही केला नाही.

मग जालिंदररावांनी मांडीवर थाप मारली. "बहात्तरचा दुष्काळ! अरे, हे तर निजामापेक्षा भारी हाय!"

तेजश्रीचा अंगठा मोबाईलवर कधीच फिरायला लागला होता.

७

पुढच्या बाजारच्या दिवशी मांडव पुन्हा उभा राहिला. फ्लेक्स तोच होता. 'निजामी' या शब्दावर कागदाची पट्टी चिकटवून 'दुष्काळी' असं लिहिलं होतं, आणि किल्ल्याच्या जागी डोक्यावर पाटी घेतलेली एक गोरीपान मॉडेल. जालिंदररावांचे जोडलेले हात जिथल्या तिथं. हात मोडणाऱ्या पोरांवर गुन्हा दाखल झाला होता. त्यांतली दोघं जामिनावर सुटून खुर्च्या लावत होती. सत्यशीलानं फौजदाराला मागं लागून तेवढं तरी करवून घेतलं होतं. याहून जास्त ती या गावाकडून अपेक्षा करत नव्हती.

आसारामनी नव्या पत्तीची पहिली मूठ नव्या डब्यात टाकली. पहिला पेला हनुमानला द्यायचा, हे अण्णांनीच ठरवलं होतं, कॅमेऱ्यासमोर. त्याला घरून जीपमधून आणलं. त्याच जीपमधून. प्लास्टरचा हात गळ्यात बांधलेला, अंगात संगीतानं धुतलेला सदरा.

रामकिसननं पेला दोन्ही हातांनी पुढं केला. "हनुमान, झालं गेलं विसर. घे, पहिला मान तुझा."

हनुमाननं डाव्या हातात पेला घेतला. काळ्या, लखलखीत चहात मांडवाचं रंगीत कापड दिसत होतं. त्यानं ओठाला लावला नाही. नुसता बघत राहिला.

"ह्यात दूध न्हाई?"

लोक हसले. रामकिसनही हसला. "अरे, तिपानी हाय ही. काळीच प्यायची अस्ती."

"माझी आजी खडी फोडायला व्हती," हनुमान म्हणाला. माईक जवळ होता, त्यामुळं ते सगळ्यांना ऐकू गेलं. "ती काळा प्यायची, कारण दूध न्हवतं. मरंपतूर म्हणायची, दुधाचा चहा प्यावा वाटतोय. आता हाय की दूध. आण्णाच्या गोठ्यात बारा म्हशी हायत. तुमी मला काळा कावून देता, शेट?"

रामकिसनच्या चेहऱ्यावरचं हसू तिथंच थिजलं. जालिंदररावांनी कॅमेरावाल्याला हातानं खूण केली, पण तो कॅमेरा खाली घ्यायला विसरला होता. मागं गोणीवर बसलेल्या आसारामनी तोंड पंच्यात लपवलं.

हनुमाननं पेला टेबलावर ठेवला, सांडू न देता. मग पायऱ्या उतरून तो गर्दीतून चालत गेला, आणि गर्दीनं त्याला वाट दिली.

सत्यशीला मागोमाग निघाली. रस्त्यापलीकडं बायनाबाईची टपरी होती. हनुमान बाकड्यावर बसला. "दुधाचा दे मावशी, दाट," तो म्हणाला. बायनाबाईनं पातेलं चढवलं. चहा आला तेव्हा त्यानं बशी मांडीवर टेकवली, डाव्या हातानं कप धरून जपून बशीत ओतला, आणि डोळे मिटून पहिला घोट घेतला.

मांडवातून लाउडस्पीकरवर त्याचं नाव पुकारलं. सत्काराची शाल राहिली होती. पुन्हा पुकारलं. बायनाबाईनं तिकडं पाहिलं, सत्यशीलानं पाहिलं.

हनुमाननं बशी पुढं केली.

"साखर जरा कमी पडली, मावशी," तो म्हणाला.